सनद घ्यायची नसेल, तर एलएलबी कशासाठी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ ३६ वर्षांचे आहेत. बी.कॉम. झाल्यावर त्यांनी कामगार कायदे आणि कामगार कल्याण या विषयांतील पदविका पूर्ण केली आणि सध्या ते चाकणजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मनुष्यबळ विभागाचे व्यवस्थापक आहेत. त्यांना कोर्टात उभे राहायचे नाही आणि नोकरीही सोडायची नाही. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. सनद, म्हणजे वकिलीची नोंदणी, न घेता नुसत्या एलएलबीला काही किंमत आहे का? निवृत्तीनंतर त्या पदवीच्या जोरावर सल्लागार म्हणून काम करता येईल का? आणि या वयात हा खटाटोप करावा का? ओळखीच्या एका वकिलांनी त्यांना सांगितले आहे की सनदेशिवाय एलएलबी म्हणजे भिंतीवर लावायचा कागद.

मी बरीच वर्षे उत्पादन क्षेत्रातील कंपन्यांच्या विधी विभागांत काम करते आहे. माझी सनद नोकरीत रुजू झाल्यापासून स्थगित आहे. विधी आणि मनुष्यबळ या दोन्ही विभागांच्या मुलाखतींना मी नियमितपणे बसते, त्यामुळे खालचे उत्तर बव्हंशी उमेदवार निवडणाऱ्याच्या बाजूने लिहिले आहे. वकिली करणाऱ्या व्यक्तीला हेच चित्र वेगळे दिसेल आणि तिच्या जागेवरून ते बरोबरही असेल.

प्रथम हे लक्षात घ्यावे की आपल्या प्रश्नात दोन स्वतंत्र निर्णय एकमेकांत मिसळले आहेत. पदवी घ्यावी की नाही हा एक निर्णय आहे आणि सनद घ्यावी की नाही हा दुसरा. या दोहोंच्याही आधी तिसरा प्रश्न येतो, तो म्हणजे आपल्याला नेमक्या कोणत्या खुर्चीवर बसायचे आहे. काही खुर्च्या पदवी मागतात, काही सनद मागतात, काही सनदेसोबत प्रत्यक्ष वकिलीची वर्षे मागतात आणि बऱ्याच खुर्च्या फक्त कायदा समजणारा माणूस मागतात, त्याची पदवी कोणती याच्याशी त्यांना कर्तव्य नसते. हा क्रम न लावता 'एलएलबीला किंमत आहे का' असे विचारले, तर कुणीही काहीही उत्तर देऊ शकतो.

सनदेबद्दलचा कायदा आधी स्पष्ट करते, कारण येथे गैरसमज फार आहेत. अधिवक्ता अधिनियम, १९६१ नुसार वकिली करण्याचा अधिकार फक्त राज्य बार कौन्सिलच्या नोंदवहीवर नाव असलेल्या अधिवक्त्याला आहे. आपल्याकडे ही नोंदणी बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा करते. नोंदणीबरोबरच अखिल भारतीय बार परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते आणि ही परीक्षा घेण्याचा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने फेब्रुवारी २०२३ मध्ये मान्य केला आहे. नोंदणीचा खर्च मात्र आता अडसर राहिलेला नाही. अधिनियमात सर्वसाधारण उमेदवारासाठी ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारासाठी १२५ रुपये एवढेच शुल्क आहे आणि त्याहून अधिक रक्कम राज्य बार कौन्सिलना घेता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी दिला.

पुष्कळांना वाटते की सनद फक्त कोर्टात उभे राहण्यासाठी लागते आणि कार्यालयात बसून सल्ला द्यायला, मत लिहून द्यायला ती लागत नाही. ही समजूत चुकीची आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने ए. के. बालाजी प्रकरणात मार्च २०१८ मध्ये असे म्हटले की वकिलीच्या व्यवसायात कोर्टातील काम येते, तसेच कोर्टाबाहेरचे कामही येते. म्हणजे फी घेऊन त्रयस्थ पक्षकाराला कायदेशीर मत देणे हीदेखील वकिलीच होय. अधिकार नसताना न्यायालयापुढे किंवा प्राधिकरणापुढे वकिली करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कारावासाची तरतूद अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये आहे. जाता जाता एक सूचना करते. एलएलबी झाल्याबरोबर नावामागे 'अॅड.' लावण्याची आपल्याकडे हौस असते. ते बिरुद पदवीचे नाही, नोंदणीचे आहे, त्यामुळे ते लावू नये.

आता याची दुसरी बाजू पाहू. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ नुसार वकिली करणाऱ्या अधिवक्त्याला कुणाचीही पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. नोकरी धरली, तर बार कौन्सिलला कळवून सनद स्थगित ठेवावी लागते. त्यामुळे कंपन्यांच्या विधी विभागात पगारावर काम करणारी, नियम पाळणारी माणसे चालू सनद न बाळगताच काम करत असतात. विभागप्रमुखापासून नवख्या सहायकापर्यंत सगळ्यांची हीच स्थिती असते. करार तपासणे, बाहेरच्या वकिलांना माहिती पुरवणे, संचालकांना धोका समजावून सांगणे, हे काम ते आपल्या मालकासाठी कर्मचारी म्हणून करतात. आपले वकील मित्र ज्याला भिंतीवरचा कागद म्हणतात, त्याच कागदावर हा संपूर्ण विभाग चालतो.

तरीही हा कर्मचारी आणि बाहेरचा वकील कायद्याच्या दृष्टीने एकसारखे नाहीत. पक्षकाराने वकिलाला विश्वासाने सांगितलेली गोष्ट वकिलाला उघड करता येत नाही. भारतीय साक्ष अधिनियम या पुराव्याच्या कायद्यातील कलम १३२ चे हे संरक्षण कंपनीच्या पगारी विधी सल्लागाराला मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२५ च्या निर्णयात स्पष्ट केले. व्यवहारात याचा अर्थ असा की ई-मेलच्या माथ्यावर 'गोपनीय, विधी सल्ला' असे लिहिल्याने आपला पत्रव्यवहार सुरक्षित होत नाही. प्रकरण खरोखर नाजूक असेल, तर बाहेरच्या वकिलाचा सल्ला घ्यावा, हे मी मनुष्यबळ विभागातील सहकाऱ्यांना वारंवार सांगते.

सनदेशिवाय कोणती दारे बंद राहतात, ते भराभर सांगते. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पुन्हा लागू केली. सरकारी अभियोक्ता होण्यासाठी सात वर्षांची वकिली लागते. सार्वजनिक क्षेत्रातील बँकांच्या विधी अधिकारी पदाच्या सामाईक भरतीत एलएलबीबरोबर अधिवक्ता म्हणून नोंदणीही मागितली जाते. बँकेला कर्जप्रकरणात लागणारा मालमत्तेचा शोध अहवाल पॅनेलवरील वकिलाच्या सहीनेच जातो. यांपैकी एखादे दार आपल्याला हवे असेल, तर 'सनद नको' ही आपली अटच फेरविचारासाठी घ्यावी लागेल. आपल्या पत्रावरून तसे वाटत नाही.

खाजगी कंपन्यांबाबत एक गोष्ट उमेदवारांना कुणी सांगत नाही. कंपनी कायदा, २०१३ आणि त्याखालील नियमांनी सूचिबद्ध कंपन्यांना, तसेच १० कोटी रुपये किंवा अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्यांना पूर्णवेळ कंपनी सचिव नेमणे बंधनकारक केले आहे. म्हणजे सीएस झालेल्या माणसासाठी कायद्यानेच एक खुर्ची राखून ठेवली आहे. विधी पदवीधरासाठी खाजगी कंपनीत अशी राखीव खुर्ची नाही. कंपनीला वाटले तर ती विधी विभाग उभारते, नाही वाटले तर सगळे काम बाहेरच्या वकिलांकडे पाठवते. म्हणून एलएलबीची किंमत पदवीत ठरलेली नसते, ती त्या माणसाच्या हाती आधीपासून असलेल्या कामात ठरते. निव्वळ एलएलबी, चालू सनद नाही आणि कोणत्याही क्षेत्राचा अनुभव नाही, असा अर्ज माझ्यासमोर आला, तर त्याची स्पर्धा पाच वर्षांचा अभ्यासक्रम करून आलेल्या तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलांशी असते आणि पगारही त्यांच्याच बरोबरीचा असतो. याउलट बारा-चौदा वर्षे खरेदी विभागात, विमा दाव्यांत, बांधकाम व्यवसायात किंवा आपल्यासारखी कामगार संबंधांत काढलेली व्यक्ती एलएलबी घेऊन येते, तेव्हा मी तो अर्ज बाजूला काढून ठेवते. कायदा शिकलेले पुष्कळ भेटतात, पण कायदा शिकलेला आणि कारखान्याच्या फाटकावर संप हाताळलेला माणूस क्वचितच भेटतो.

आपल्या क्षेत्रापुरते बोलायचे, तर पदवीचा खरा उपयोग कुठे होतो हे खातेनिहाय चौकशीच्या उदाहरणाने सांगते, कारण मला तो तेथे सर्वांत स्पष्टपणे दिसतो. कामगाराने पर्यवेक्षकाला शिवीगाळ केली, अशी तक्रार येते. पदविका केलेला अधिकारी स्थायी आदेशांतील (कारखान्याच्या सेवा व शिस्तीच्या नियमांतील) योग्य कलम शोधून आरोपपत्र काढतो आणि त्यात लिहितो की आपण वरिष्ठांशी उद्धट वर्तन करून शिस्तभंग केला आहे. कलम बरोबर आहे, नमुना बरोबर आहे, पण कोणत्या दिवशी, कोणत्या पाळीत, कोणत्या यंत्रापाशी, कोणासमोर, नेमके कोणते शब्द उच्चारले, यांतले काहीच त्यात नाही. पुढे प्रकरण कामगार न्यायालयात जाते, तेव्हा बहुधा पहिले दोन मुद्दे निघतात. चौकशी न्याय्य व योग्य रीतीने झाली का, आणि चौकशी अधिकाऱ्याचे निष्कर्ष पुराव्याशी विसंगत आहेत का? आरोपच मोघम असेल, तर कामगाराला बचावाची खरी संधी मिळाली नाही असे ठरते आणि वर्षभर चाललेली चौकशी पहिल्याच मुद्द्यावर कोसळते. मग कंपनीला न्यायालयात नव्याने पुरावा द्यावा लागतो आणि तोपर्यंत साक्षीदार पर्यवेक्षक नोकरी सोडून गुजरातला गेलेला असतो.

एलएलबीच्या वर्गात प्रशासकीय कायदा शिकताना नैसर्गिक न्यायाची तत्त्वे येतात, पुराव्याचा कायदा शिकताना सिद्धतेचे मोजमाप येते. फौजदारी खटल्यात वाजवी संशयापलीकडे गुन्हा सिद्ध व्हावा लागतो, पण खातेनिहाय चौकशीत शक्यतेचे पारडे कोणत्या बाजूला झुकते एवढे पाहिले जाते, त्यामुळे फौजदारी कोर्टातून सुटलेला कामगार कंपनीच्या चौकशीत दोषी ठरू शकतो. हा फरक पदविकेच्या पुस्तकातही एका ओळीत असतो. पण तो का आहे आणि कुठे लागू पडत नाही, हे निकालपत्रे वाचल्याशिवाय अंगात मुरत नाही. चोरीच्या प्रकरणात सीसीटीव्हीचे चित्रण पेन ड्राइव्हमध्ये घेऊन ठेवणे सर्वांना सुचते. पुढे कोर्टात ते दाखल करायचे झाले, तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र लागेल आणि ते यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडून वेळीच घ्यायला हवे, हे त्याच दिवशी सुचणारा माणूस कंपनीच्या उपयोगाचा असतो.

करार कायद्याचेही तसेच आहे. नोकरी सोडल्यावर दोन वर्षे स्पर्धक कंपनीत जाणार नाही, अशी अट नियुक्तिपत्रात घालण्याची प्रथा आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ मुळे नोकरी संपल्यानंतरचे असे बंधन आपल्याकडे सामान्यतः शून्यवत ठरते. पण त्याच अधिनियमाच्या आधारे, किमान तीन वर्षे नोकरी न केल्यास २ लाख रुपये भरण्याची एका सार्वजनिक बँकेची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये वैध ठरवली. ही दोन विधाने परस्परविरोधी वाटतात, तशी ती नाहीत. पहिली अट नोकरीनंतरच्या रोजगारावर बंधन घालते आणि दुसरी नोकरीच्या कालावधीतील बांधिलकीची भरपाई मागते. शिवाय बँकेच्या बाबतीत खर्चिक जाहीर भरती प्रक्रिया हा मुद्दा होता. तो निकाल आला, तेव्हा अनेक मनुष्यबळ अधिकाऱ्यांनी आपापल्या बाँडच्या रकमा वाढवण्याचा उत्साह दाखवला. निकालपत्र मुळातून वाचलेल्या माणसाने तो उत्साह आवरला असता.

तिसरे उदाहरण ताजे आहे. चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आणि त्यांत २९ केंद्रीय कायदे सामावले गेले. त्या दिवसापासून व्हॉट्सअॅपवर फिरत असलेले वाक्य आपणही वाचले असेल: 'आता मूळ वेतन एकूण पगाराच्या ५० टक्के असलेच पाहिजे.' संहितेत असे कुठेही लिहिलेले नाही. वेतनाच्या व्याख्येतून काही भत्ते वगळले आहेत आणि वगळलेल्या घटकांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाली, तर जादाची रक्कम वेतनात धरायची असे त्यात म्हटले आहे. वाक्य बदलले की पगारपत्रकाची मांडणी, भविष्य निर्वाह निधीचा हिशेब आणि उपदानाची (ग्रॅच्युइटीची) तरतूद, सारे बदलते. व्याख्या, तिचे परंतुक (तिला जोडलेली अट वा अपवाद), तिचे स्पष्टीकरण, या क्रमाने कलम वाचण्याची सवय लावणे, हे माझ्या मते तीन वर्षांच्या विधी शिक्षणाचे सर्वांत मोठे देणे आहे. अधिनियम पुढे बदलतील, पाठ केलेली कलमे निरुपयोगी होतील, जशी भारतीय दंड संहितेची कलमे १ जुलै २०२४ ला एका रात्रीत झाली. वाचण्याची पद्धत मात्र राहते.

एवढे कौतुक केल्यावर पदवीने काय मिळत नाही, तेही सांगितले पाहिजे. करारनामा लिहिता येणे मिळत नाही, ते काम करूनच येते. वाटाघाटी येत नाहीत. तीन वर्षांतील बराच वेळ कौटुंबिक कायदा, मालमत्ता हस्तांतरण, दिवाणी प्रक्रिया संहिता अशा विषयांत जाईल, ज्यांचा आपल्या दैनंदिन कामाशी संबंध कमी आहे. आपण पदविका केली असल्याने कामगार कायद्यांच्या पेपरांत नवीन फारसे मिळणार नाही. पदोन्नती तर आपोआप होतच नाही. आपल्या कंपनीच्या सेवाशर्तींत विधी पदवीसाठी वेतनवाढ नसेल, तर पहिल्या दिवशी आपल्या पगारात एक रुपयाही वाढणार नाही, हे गृहीत धरूनच निर्णय घ्यावा.

इथवरचा मुद्दा थोडक्यात असा की, सनदेशिवाय पदवी निरर्थक होत नाही, कारण पगारी विधी कामाला चालू सनद लागत नाही. ती स्वतंत्रपणे मात्र कुठलीही खुर्ची मिळवून देत नाही, आणि आपल्या हातातील कामगार संबंधांच्या अनुभवाला तिची जोड मिळाली तर तिचे मोल बरेच वाढते.

आता व्यावहारिक अडचणीकडे वळू. ही अडचण वयापेक्षा मोठी आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार एलएलबी हा नियमित अभ्यासक्रम आहे, तो दूरस्थ पद्धतीने करता येत नाही, त्यात ७० टक्के हजेरी लागते आणि वर्ग सकाळी ८ ते सायंकाळी ७ या वेळेतच भरवायचे असतात. पूर्वीची सायंकालीन महाविद्यालये आपल्या मागच्या पिढीतील अनेक बँक कर्मचाऱ्यांनी आणि सरकारी कारकुनांनी गाजवली, ती सोय आता तशी राहिलेली नाही. त्यातच २०२४ मध्ये बार कौन्सिलने महाविद्यालयांना सूचना दिल्या की विद्यार्थ्याकडून त्याच्या नोकरीबाबत घोषणापत्र घ्यावे. 'प्रवेश घ्या, हजेरीचे आम्ही बघतो' असे सांगणारी महाविद्यालये आपल्याला भेटतील. तेथे जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. खोट्या हजेरीवर मिळवलेली पदवी उद्या सनदेच्या अर्जात किंवा नव्या नोकरीच्या पडताळणीत अडचणीची ठरू शकते आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वर्गात न बसता, निकालपत्रांवर वाद न घालता जी पदवी मिळते, तिच्यातून वर वर्णन केलेले काहीच मिळत नाही. तसे करायचे असेल, तर त्यापेक्षा पदविकेवर थांबलेले बरे.

काही महाविद्यालयांत तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे तास सकाळी असतात. आपला कारखाना पाळ्यांमध्ये चालतो, त्यामुळे दुपारी सुरू होणाऱ्या वेळेत काम करण्याची लेखी परवानगी व्यवस्थापनाने दिली, तर हे जमण्यासारखे आहे. चाकणहून पुण्यात सकाळच्या तासाला पोहोचणे म्हणजे काय, हे मी नाशिक रस्त्यावरची वाहतूक पाहणाऱ्या माणसाला सांगायला नको. महाविद्यालय निवडताना त्याच्या कीर्तीइतकेच घर, कारखाना आणि वर्ग यांतील अंतर पाहावे. आणखी एक खबरदारी अशी की, सनद घ्यायची नाही असे आज ठरवले असले, तरी बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता असलेल्या संस्थेतच प्रवेश घ्यावा. मान्यता नसलेली 'कायद्याची पदवी' स्वस्तात आणि घरबसल्या मिळते, पण तिच्यावर पुढे कधीच नोंदणी होत नाही. आज नको असलेले दार दहा वर्षांनी हवे होऊ शकते आणि ते उघडे ठेवायला यापेक्षा वेगळा खर्च येत नाही.

निवृत्तीनंतरच्या सल्लागारीबद्दल आपण विचारले आहे. येथे रेषा नीट आखली पाहिजे. भविष्य निर्वाह निधी, कर्मचारी राज्य विमा योजना, विवरणपत्रे, नोंदवह्या, परवाने यांचे अनुपालन सांभाळून देणारे सल्लागार महाराष्ट्रात गावोगावी आहेत आणि त्या कामाला सनद लागत नाही. खरे तर एलएलबीही लागत नाही. खातेनिहाय चौकशीत चौकशी अधिकारी म्हणून नेमले जाण्यासही सनदेची अट नाही, आणि कामगार क्षेत्रातून निवृत्त झालेल्या जाणकारांना या कामासाठी चांगली मागणी असते. लैंगिक छळ प्रतिबंधाच्या २०१३ च्या कायद्याखालील अंतर्गत समितीवर बाहेरचा एक सदस्य लागतो. महिलांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतील किंवा लैंगिक छळाच्या प्रश्नांची जाण असलेली व्यक्ती तेथे चालते, सनदेची अट नाही. लवाद आणि मध्यस्थ म्हणून काम करण्यासही अधिवक्ता असणे अनिवार्य नाही, पण तेथे पदवीपेक्षा नाव लागते आणि नाव व्हायला वर्षे जातात. वस्तू व सेवा कर व्यावसायिकाच्या नोंदणीसाठी विधी पदवी चालते, पण आपले बी.कॉम.ही चालते, तेव्हा त्यासाठी तीन वर्षे घालवण्याचे कारण नाही.

जे करता येणार नाही ते असे. कंपन्यांना फी घेऊन स्वतःच्या लेटरहेडवर कायदेशीर मत देणे, पक्षकाराच्या वतीने कायदेशीर नोटीस काढणे, 'विधी सल्लागार' अशी पाटी लावून दारी आलेल्यांची प्रकरणे घेणे. हे करायचे असेल, तर निवृत्तीच्या दिवशी सनद घ्या. नोंदणीसाठी अधिनियमात किमान वय २१ आहे, कमाल वय दिलेले नाही. नोकरी संपलेली असल्यामुळे नियम ४९ आड येत नाही, बार परीक्षा तेवढी द्यावी लागेल. ५८ व्या वर्षी काळा कोट घालणारे गृहस्थ मी पाहिले आहेत आणि कामगार न्यायालयात त्यांना तरुण वकिलांपेक्षा कमी मान मिळत नाही, कारण उलटतपासणीत कारखान्यातील यंत्र कसे चालते हे त्यांना विचारावे लागत नाही. म्हणून मी असे सुचवेन की 'सनद घेणार नाही' असा निर्णय आज करूच नका. आज फक्त 'आत्ता घेणार नाही' एवढेच ठरवा.

वयाची चिंता सोडून द्या. राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत होणाऱ्या तीन वर्षांच्या विधी प्रवेश परीक्षेला वयाची कमाल मर्यादा नाही, ती मराठीतूनही देता येते, आणि पदवीला सर्वसाधारण प्रवर्गात ४५ टक्के गुण असले की पात्रता होते. आपल्या बी.कॉम.चे गुण पत्रात दिलेले नाहीत, ते आधी तपासा. ३६ व्या वर्षी प्रवेश घेतला, तर चाळिशीच्या आत पदवी हाती येईल आणि मनुष्यबळ प्रमुख किंवा कामगार संबंध प्रमुख या पदांसाठी माणसे साधारण त्याच वयाच्या आसपास निवडली जातात.

माझ्या मते आपण प्रवेश घ्यावा, पण एका अटीवर. परीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वी व्यवस्थापनाशी बोलून कामाच्या वेळेबाबत तीन वर्षांसाठी लेखी परवानगी मिळवा. वरिष्ठ बदलले की तोंडी परवानगी संपते आणि तसे बहुधा दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेच्या तोंडावरच होते. त्याच बैठकीत, पदवी पूर्ण झाल्यावर कारखान्याच्या चौकशा आणि कंत्राटदारांचे करार यांची जबाबदारी आपल्याकडे देतील का, हेही विचारून घ्या. परवानगी मिळाली नाही किंवा ही कामे कायम मुख्यालयातून होणार असे उत्तर आले, तर याच नोकरीत राहून एलएलबी करू नका. अशा वेळी औद्योगिक संबंध संहिता आणि वेतन संहिता यांची मूळ पुस्तके विकत घ्या, दर आठवड्याला उच्च न्यायालयाचा कामगार विषयावरचा एक निकाल संपूर्ण वाचा आणि अशी कामे ज्या कारखान्यात मनुष्यबळ विभागाकडे आहेत, तेथे नोकरी शोधायला लागा. प्रवेश त्यानंतरच्या वर्षीही घेता येईल.